मी जुबेदाला डॉक्टर करायला निघालो होतो

मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण भूगोलाचा सर म्हणून मला कुणी ओळखलं नाही. गावात माझं नाव ‘सल्लेवाले सर’. अजूनही बाजारात कुणी भेटलं की विचारतं, “काय सर, सल्ले बंद का आता?” आणि हसतं. त्या हसण्यामागं काय काय आहे, ते आज सांगून टाकावं म्हणतो. रिटायर झालेल्या माणसाला आता कसली लाज?

सत्तरच्या दशकात पुण्याला व्यवसाय मार्गदर्शनाचा तीन आठवड्यांचा वर्ग निघाला. प्रत्येक शाळेनं एक शिक्षक पाठवावा असा कागद आला. आमच्या हेडमास्तरांनी वेळापत्रक समोर घेतलं, कोण गेल्यानं मुलांचं सगळ्यात कमी नुकसान होईल ते पाहिलं आणि मला पाठवलं. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी परत आलो तो चाचण्यांचा गठ्ठा, एक स्टॉपवॉच आणि टिपणांची जाडजूड वही घेऊन. शाळेनं मला एक कपाट दिलं आणि ‘करिअर मास्तर’ अशी पाटी दिली. माझा मूळ गाव माण तालुक्यातला. तिथं शिकलेला माणूस म्हणजे मुंबईला गेलेला माणूस, आणि मी तर पुण्याचा वर्ग करून आलेला. त्यामुळं कवठे महांकाळकडच्या या शाळेत पाटीखाली बसताना माझी मान जरा ताठच असायची.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे काय ते सांगतो. मुलाचा कल कुठं आहे ते चाचणीनं बघायचं, त्याला काय आवडतं ते विचारायचं, घरच्यांचं म्हणणं समजून घ्यायचं आणि तिन्हींचा मेळ घालायचा. मी पहिलं मन लावून करायचो, दुसरं उरकायचो, आणि तिसऱ्याबद्दलची माझी मतं आधीच तयार असायची. गिऱ्हाईकही बेतास बात. दुष्काळी गावातली उंचपुरी पोरं यायची आणि एकच विचारायची, “सर, मिल्ट्रीची भरती कवा हाय?” एका पोराला तीन दिवस चाचण्या घेऊन मी सांगितलं की तू बँकेत शोभशील. त्यानं आदबीनं मान डोलावली आणि तो बापाची मेंढरं घेऊन रानात गेला. पुढं त्याचा कळप एवढा वाढला की गावच्या सहकारी बँकेनं त्याला संचालक करून घेतलं. माझ्या सल्ल्यांपैकी खरा ठरलेला हा एकच, आणि तोही असा.

अकरावी-बारावीचे वर्ग शाळेला नुकतेच जोडले होते, तेव्हाची ही गोष्ट. बारावी सायन्सला जुबेदा शिकलगार नावाची मुलगी होती. वडील बाबालालभाई धार लावायचं काम करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची साण, म्हणजे धारेचं दगडी चाक. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोयते, न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, सगळं त्यांच्याकडं. जुबेदा वर्गात पहिली यायची आणि वर्षभरात चार वाक्यं बोलायची.

तिची चाचणी घेतली. एका भागात दातेरी चाकांची चित्रं होती. पहिलं चाक उजवीकडं फिरलं तर शेवटचं कुणीकडं फिरेल, असले प्रश्न. जुबेदाची सगळी उत्तरं बरोबर आली. यांत्रिक कल, वर्गात सर्वांत वरचा. मला वाटलं माझीच तपासणी चुकली. पुन्हा तपासलं, तेच. मग वाटलं तिनं शेजारच्या मुलाचं बघितलं असणार. त्याचा कागद काढला, तर त्याची निम्मी चुकली होती. तरीही मी ठरवलं की हा आकडा काही खरा नव्हे, आणि ते कार्ड पाकिटात घालून ठेवलं. मुलगी आणि यंत्रं? माझ्या डोक्यात ते बसतच नव्हतं. मुलगी हुशार आहे, मुसलमान घरातली आहे, तर तिच्या घरचे फार तर लेडी डॉक्टर होऊ देतील, असा माझा सिद्धांत तयार होता. माझ्या वहीत पुण्याच्या वर्गातलं एक टिपण होतं, की अशा घरचे पालक मुलींच्या उच्च शिक्षणाला विरोध करतात, त्यांचं मन वळवावं. बाकी वहीतलं मी फारसं काही पाळलं नाही, हे मात्र मनावर घेतलं.

मन वळवायला मी एका सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास शिकलगारांच्या घरी गेलो. त्या साली श्रावण आणि रमजान बरोबरच आले होते. श्रावण माझ्या लक्षात होता, कारण सोमवारचा उपास मी करायचो. रमजान लक्षात नव्हता.

बाबालालभाई साणेवर होते. पूर्वी साणेचा पट्टा ओढायला दुसरं माणूस लागायचं. आता खाली सायकलचं पायडल आणि साखळी जोडलेली होती. भाई एका पायानं चाक फिरवत दोन्ही हातांनी कोयता धरत होते. मी म्हणालो, “वा, काय युक्ती केलीय!”

“माझी न्हाई सर, जुबेदाची. भंगारातली सायकल आणून केलंय तिनं.”

“हुशार आहे, हुशार आहे,” असं म्हणून मी लगेच मेडिकलच्या विषयाकडं वळलो. आज हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चहा आला. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, “भाभी, साखर जरा कमी झालीय.” आणि वर हेही सांगितलं, की आज माझा उपास आहे, सकाळपासून खिचडी आणि रताळं यांवरच आहे, तेव्हा चहा जरा गोडच हवा. जुबेदाची आई खातूनभाभी आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या. त्या घरातल्या कुणाच्याही पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. चहा चाखून बघणार कोण? हे मला तेव्हा कळलं नाही. मी दोन चमचे साखर घातली आणि बोलत राहिलो. मुलींना शिकवलं पाहिजे, जग बदललं आहे, धर्माचा अडसर आणू नका. एका ओळखीच्याकडून कुराणातली चार वचनंही लिहून आणली होती. ती वाचून दाखवली, उच्चारांसकट चुकीची.

बाबालालभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “सर, इल्म घेणं, म्हंजी शिकणं, तर आमच्यात फर्ज हाय. फर्ज म्हंजी टाळता येत न्हाई असं. पोरगा असू दे न्हाईतर पोरगी. त्याला आमची ना कशाला? पण घरची गोष्ट एकट्यानं ठरवायची न्हाई, असंबी हाय. मसलत करू. माझी भन हाय मिरजंला, तिला इचारू. तुमच्या भाभीला इचारू. पोरीला इचारू. नमाजात दुवा मागू. मग सांगतो.”

मला वाटलं, हा टाळतोय. म्हणून मी आणखी जोर लावला आणि बोलतच राहिलो. मशिदीतून अजान झाली तेव्हा कुठं थांबलो. भाईंनी ताटलीतला पहिला खजूर उचलून माझ्या हातावर ठेवला. “घ्या सर. उपास हाय न्हवं तुमचा?” मग स्वतः एक तोंडात घातला आणि घोटभर पाणी प्यायले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन तास मी रोजा धरलेल्या माणसांना माझ्या उपासाचं कौतुक सांगत होतो. मी तो खजूर कसा गिळला ते माझं मलाच माहीत.

एवढं झाल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी शिक्षक होतो. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो की एका मुस्लिम मुलीला मी डॉक्टर करतोय. जूनमध्ये निकाल लागला, जुबेदा शाळेत पहिली आली, तेव्हा तिचा फोटो शाळेच्या फलकावर चिकटवून खाली ‘आमच्या शाळेची भावी डॉक्टर’ असं मीच लिहिलं. मिरजेच्या मेडिकलचा फॉर्म मीच आणला, मीच भरला. जुबेदाला म्हणालो, “इथं सही कर.” ती म्हणाली, “सर, मला…” मी म्हणालो, “घाबरू नकोस, मी आहे.” तिनं सही केली. बाबालालभाईंनीही केली. मी आहे, हे तिला कळलंच होतं. अडचण तीच होती.

फॉर्म द्यायला आम्ही तिघं एसटीनं मिरजेला गेलो. तो शुक्रवार होता. बहिणीच्या घरी टेकल्याशिवाय पुढं जायचं नाही, म्हणून आधी जुबेदाच्या फुफीकडं गेलो. अमीना फुफी बाबालालभाईंची थोरली बहीण, नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून एकटी राहणारी. सगळ्या खोलीत कापडाचे तुकडे. तिनं पाणी दिलं, माझ्याकडं नीट बघून घेतलं, आणि मशीनवरचा हात न काढता भाचीला विचारलं, “क्या गे, डॉक्टर हुनार म्हन तू?”

जुबेदानं माझ्याकडं बघितलं.

“सरांकडं नगं बघू. माझ्याकडं बघ. काय व्हायचंय तुला?”

“इंजिनिअर,” जुबेदा म्हणाली. “मेकॅनिकल.”

मी हसलो. दुसरं काही नाही, मी नुसता हसलो. त्या खोलीत दुसरं कुणीच हसलं नाही.

बाबालालभाई मान खाली घालून म्हणाले, “सर, आमची मसलत तवाच झाली, रमजानमधी. पोरगी म्हणाली इंजिनिअर, आमी सगळ्यांनी व्हय म्हटलं. मग तुमी म्हणालात डॉक्टर. उस्तादाचा दर्जा बापाएवढा. त्याचा शब्द खाली पाडायचा न्हाई, अशी रीत हाय आमची. आमाला वाटलं, तुमी चाचणी घेतलीया, तीत तसं आलं असंल. तुमी शिकलेली माणसं.”

मी त्या घरातल्या विरोधाशी वर्षभर झगडत होतो, आणि विरोध करणारा त्या घरात मी एकटाच होतो. त्यांच्या घरची अदब मला ठाऊक असती, तर जुबेदाचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे मला पहिल्या दिवशी समजलं असतं. आणि अदबीचं काय घेऊन बसलो, साधं तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तरी भागलं असतं.

आता खोटं बोलायची सोय होती. चाचणीत डॉक्टरच आलंय, एवढं म्हटलं असतं तर तो विषय तिथंच मिटला असता. तोंडापर्यंत ते वाक्य आलंही होतं. पण फुफी माझ्याकडं बघत होती. मी पिशवीतून तिच्या कागदांबरोबर आणलेलं ते पाकीट काढलं, त्यातलं चाचणीचं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, “चाचणीत डॉक्टर आलं नव्हतं. यंत्रं आली होती. मला ते खरं वाटलं नाही.”

मग जुबेदा हळूच म्हणाली, “सर, माफ करा.”

ती माझी माफी मागत होती! इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं आहे, पण त्या दोन शब्दांइतकं काही लागलेलं नाही. आणि मीही तिची माफी मागितली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी मागितली नाही. मी घड्याळ बघितलं.

कारण इंजिनिअरिंगचे फॉर्म भरून द्यायचा तो शेवटचा दिवस होता. तारीख मला पाठ होती, शाळेच्या फळ्यावर मीच लिहिली होती. कॉलेज सांगलीच्या वाटेवर, कचेरी चारला बंद. एक वाजायला आला होता आणि बाबालालभाईंची जुम्याची नमाज व्हायची होती. मी म्हणालो, “भाई, आज एक दिवस…” माझं वाक्यही या खेपेला कुणी पुरं होऊ दिलं नाही.

“नमाजबी चुकणार न्हाई आन् फॉरमबी चुकणार न्हाई,” भाई म्हणाले. “आपुन चौघं हाय. तुमी तिघं म्होरं जावा, फॉरम घ्या, लिवा. मी नमाज झाली की सहीला येतो.”

फुफीनं मशीन झाकलं आणि आम्ही निघालो.

कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म देताना विचारलं, “मुलाचं नाव?” मी म्हणालो, “मुलगी आहे.” “आर्ट्स कॉलेज पलीकडं आहे.” “मेकॅनिकलला.” त्यांनी चष्मा काढून आधी जुबेदाकडं, मग बुरख्यातल्या फुफीकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, यांच्यात पाठवतात का? उद्या वडील आरडाओरडा करत आले म्हणजे?” मला राग यायला हवा होता. आला नाही. हेच म्हणणं, जरा बऱ्या शब्दांत, माझ्या वहीत माझ्या अक्षरात होतं. मी एवढंच म्हणालो, “वडील येतायत. त्यांनाच विचारा.”

व्हरांड्यात बसून जुबेदानं फॉर्म भरला. या खेपेला मी पेनाला हात लावला नाही. सगळं झाल्यावर लक्षात आलं की फोटो हवा. तिचे फोटो दोनच काढलेले. एक शाळेच्या फलकावर ‘भावी डॉक्टर’ होऊन बसला होता, दुसरा मेडिकलच्या फॉर्मवर मी भरपूर डिंक लावून पक्का चिकटवला होता. तीन वाजून गेले होते. मी नखानं एक कोपरा उचकटायला गेलो तर कागदच फाटायला लागला. फुफीनं माझ्या हातावर चापट मारली.

साडेतीनला बाबालालभाई आले, कुणाची तरी सायकल घेऊन, घामानं चिंब. फोटोची अडचण ऐकली आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला. धार लावून एका न्हाव्याला परत द्यायला आणलेला होता. व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी मेडिकलचा फॉर्म सपाट पसरला, अंगठ्यानं दाबून धरला आणि वस्तरा फोटोच्या खाली सरकवला. कारकुनासकट आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. फोटो अख्खा सुटून आला, एक कोपराही दुमडला नव्हता. फॉर्मवर मात्र चौकोनी खड्डा पडला. माझ्या वर्षभराच्या कष्टांचं ते चित्र मला फार चपखल वाटलं.

कारकुनांनी भाईंना विचारलं, “तुमची हरकत नाही ना?”

“हरकत कसली सायेब?” भाई म्हणाले. “माझ्या साणेला पायडल तिनं लावलं. माझ्या गुडघ्याला आराम पडला. उद्या गावाच्या हिरीला काय तरी लावंल.”

फॉर्म चार वाजायच्या आत गेला आणि प्रवेश मिळाला. कॉलेजला तेव्हा मुलींचं वसतिगृह नव्हतं. माझ्या टिपणाप्रमाणं इथं सगळं अडायला हवं होतं. अडलं नाही, कारण फुफी होती. तिची अट एकच, सूर्यास्ताच्या नमाजाआधी घरात. पहिला आठवडाभर ती स्वतः कॉलेजच्या फाटकाशी शिवणाची पिशवी घेऊन बसायची. वर्गात मुली दोनच. कार्यशाळेत पहिल्याच दिवशी लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून सपाट करायला दिला. पोरांच्या हाताला फोड आले, आणि जुबेदाचा तुकडा उचलून शिक्षकांनी विचारलं, “आधी कुठं शिकलीस?” ती म्हणाली, “घरी.” हे मला फुफीनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी विसरलेलो नाही.

पुढं जुबेदा पंपाच्या कारखान्यात लागली. तिच्या निकाहला मी होतो. पडद्यापलीकडं जाऊन काझींनी दोन साक्षीदारांसमोर तिला विचारलं, कबूल आहे का, आणि तिचं उत्तर येईपर्यंत सगळा मांडव थांबून राहिला. मी शेजारच्याला विचारलं, “ही हो म्हणाली नसती तर?” तो म्हणाला, “तर मग निकाहच न्हाई.” माझ्या जाडजूड वहीत हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी भाबडेपणा करत नाही. सगळ्या घरांतून असं होतं असं नाही. तांबोळ्यांच्या एका हुशार मुलीचं बारावीआधीच लग्न झालं, पाटलांच्या दोघींचंही झालं, आणि तिन्ही ठिकाणी मी काही करू शकलो नाही. फरक माझ्यात एवढाच पडला की पालकांकडं जाताना मी भाषण न्यायचं सोडलं. जाऊन बसायचो आणि विचारायचो. कधी कधी तर उत्तरही ऐकून घ्यायचो.

काही वर्षांनी माझी मुलगी बारावी झाली. तिनं बी.एड. करून शिक्षिका व्हावं हे मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. एका रविवारी मी घरातल्यांना सांगितलं, चला, सगळे बसू या, पोरीच्या कॉलेजचं ठरवायचंय, प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मुलगी येऊन बसली. माझी म्हातारी आई तेव्हा आमच्याकडं होती. जन्म माणच्या माळावर गेलेला, शाळेचं तोंड न बघितलेलं. मी म्हणालो, “आई, तूबी बस. तुला काय वाटतं ते सांग.”

ती आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. मला वाटलं झोपली असेल. हाक मारायला गेलो तर ती ट्रंकेतलं इरकली लुगडं काढून नेसत होती, सणावारी नेसायचं.

मी म्हणालो, “आगं, हे कशाला आता? आपल्याच घरात बसायचंय.”

निऱ्या खोचता खोचता ती म्हणाली, “आरं, सत्तर वर्सांत कुणी पैल्यांदा इचारतंय मला. तशीच कशी येऊ?”